पाकळ्या लहानमोठ्या का होतात? क्विलिंगचे तुमचे प्रश्न

प्रश्न : ताई, क्विलिंगचं, म्हणजे कागदाच्या पट्ट्या गुंडाळून नक्षी करायचं, किट घेतलंय पण फुलाच्या पाकळ्या एकसारख्या होतच नाहीत, आणि पट्टी गुंडाळायचं टूल काढलं की गुंडाळी लगेच उलगडते. माझं काय चुकतंय?

उत्तर : उलगडते ते बरोबरच आहे, उलगडायलाच हवी! तिलाच लूज कॉइल, म्हणजे सैल गुंडाळी, म्हणतात आणि सगळे आकार तिच्यातूनच निघतात. फक्त ती किती उलगडू द्यायची हे आपण ठरवायचं, अंदाजावर सोडायचं नाही. गोल खाचांचा बोर्ड असेल तर सगळ्या कॉइल एकाच मापाच्या गोलात सोडा, नसेल तर बाटलीचं झाकण घ्या, कॉइल आत ठेवा, पूर्ण सैल होऊ द्या आणि मगच टोकाला गम लावा. त्याआधी सगळ्या पट्ट्या एकाच लांबीच्या कापून ठेवा, कारण पट्टी कमीजास्त झाली की पाकळी आतून कमीजास्त भरलेली दिसतेच, मग बाहेरचं माप कितीही सारखं असू दे.

आता पाकळीचा आकार. कॉइलचा मधला गोळा बोटाने एका कडेला सरकवून तिथेच धरून ठेवायचा आणि समोरच्या बाजूला चिमटीत दाबायचं, की झाली पाकळी, वेटोळीही छान पसरतात. ही चिमटी गम लावलेल्या जोडावरच दाबा म्हणजे जोड टोकात लपून जातो. दोन्ही बाजूंनी दाबलं की डोळ्याचा आकार, तीन ठिकाणी त्रिकोण, चार ठिकाणी चौकोन. पण खरं सांगू, आठवडाभर नुसत्या पाकळ्याच करा, बाकीचे आकार मग आपोआप जमतात.

प्रश्न : टूलऐवजी टूथपिक चालेल का?

उत्तर : चालेल की. खाचवाल्या टूलने गुंडाळणं सोपं जातं पण मधोमध बारीकशी घडी राहते, टूथपिकवर मध्य एकदम गोल येतो, सुरुवातीला पट्टी सटकते एवढंच. टोक नखाने थोडं वळवून घ्या, मग पकड बसते.

प्रश्न : पट्टी आणि गम कोणता घ्यावा?

उत्तर : शिकताना 5 मिलीमीटर रुंदीची पट्टी घ्या, हातात नीट येते, 3 मिलीमीटरची नंतर. झेरॉक्सचा 80 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागद सरावाला ठीक, पण आकार टिकवायचा असेल तर 120 च्या आसपासचा बघा. गम साधा पांढराच, पण अगदी टाचणीच्या टोकाएवढा, जास्त झाला की वाळल्यावर चमकतो आणि सगळं काम खराब दिसतं.

प्रश्न : झुमक्यांचा घुमट दोन दिवसात चपटा झाला, काय करू?

उत्तर : घट्ट कॉइल (उलगडू न देता गम लावलेली) मधून हळूहळू दाबून घुमट केलात की आतल्या बाजूने गमचा पातळ हात द्या आणि रात्रभर वाळू द्या, बाहेरून लावू नका, डाग दिसतात.