यूकेला येण्याआधी ‘पास आउट’ नीट समजून घे

तू विचारलंस की ताई, सीव्हीत ‘पास्ड आउट इन २०१९’ असंच ठेवू का, आणि तिकडे वॉर्डात आपलं इंग्लिश नक्की कुठे अडतं. दोन्हीचं उत्तर एकाच शब्दात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सीव्हीतलं आधी बदल. पुण्यात ‘तू कितीची पासआउट’ असं आपण सर्रास विचारतो, पण इथे पास आउट म्हणजे शुद्ध हरपणं. तू धायरीची, म्हणजे खडकवासल्याच्या एनडीएची पासिंग आउट परेड तुला माहितीच आहे, मे २०२५ मध्ये मुलींची पहिली १७ जणींची बॅच तिथूनच बाहेर पडली ना. तर तो लष्करी अर्थ इथेही चालतो, सैन्यात आणि पोलिसात ट्रेनिंग संपल्यावर म्हणतात, पण कॉलेजसाठी कुणी म्हणत नाही. तू सरळ ‘ग्रॅज्युएटेड इन २०१९’ लिही, किंवा ‘कम्प्लीटेड माय बीएस्सी नर्सिंग’. बारावीला ग्रॅज्युएटेड नको, तिथे ‘फिनिश्ड स्कूल’. आणि ‘फ्रेशर’ पण काढून टाक, इथे फ्रेशर म्हणजे युनिव्हर्सिटीत नुकतंच पाऊल टाकलेलं पोर.

आता वॉर्डातलं, हे जास्त महत्त्वाचं. आपल्या मराठीत ‘चक्कर आली’ यात सगळंच येतं, डोकं गरगरलं तरी चक्कर, डोळ्यापुढे अंधारी आली तरी चक्कर आणि धाडकन पडून दोन मिनिटं शुद्ध नव्हती तरी चक्करच. इंग्लिशमध्ये हे वेगवेगळं आहे. खोली फिरल्यासारखी वाटली तर डिझी, आता पडेन असं वाटलं तर लाइटहेडेड किंवा ‘फीलिंग फेन्ट’, आणि खरंच शुद्ध गेली तर ‘फेन्टेड’, ‘पास्ड आउट’, ‘ब्लॅक्ड आउट’. नोट्समध्ये ‘लॉस ऑफ कॉन्शसनेस’ लिहायचं, डॉक्टर सिन्कोपी म्हणतील. ‘कोलॅप्स्ड’ म्हणजे माणूस कोसळला, शुद्ध होती की नव्हती ते त्यात कळत नाही, तेव्हा तो शब्द आला की पुढचा प्रश्न विचारायचाच.

माझ्या दुसऱ्याच महिन्यात एक आजोबा म्हणाले, ‘आय हॅड अ फनी टर्न, लव्ह’, म्हणजे मला अचानक कसंतरीच झालं. मला वाटलं थोडं गरगरलं असेल, हँडओव्हरला, म्हणजे पुढच्या शिफ्टला पेशंट सोपवताना, मी ‘फेल्ट गिडी’ एवढंच सांगितलं. पुढच्या शिफ्टची सिस्टर परत त्यांच्याकडे गेली, तिने विचारलं ‘डिड यू पास आउट?’ आणि ते म्हणाले हो, बाथरूमच्या दारात, जाग आली तेव्हा जमिनीवर होतो. मग ईसीजी, झोपवून आणि उभं करून बीपी, डोक्याला मार लागलाय का ते, सगळं तेव्हा सुरू झालं. आजोबा बरे होते पण मला त्या रात्री झोप लागली नाही. तेव्हापासून फनी टर्न, ‘केम ओव्हर ऑल फनी’, ‘कील्ड ओव्हर’ (धाडकन पडलो) असं काहीही कानावर आलं, आणि म्हाताऱ्या माणसांकडून हे रोज येतं, की मी विचारतेच, शुद्ध गेली होती का, किती वेळ, कुणी पाहिलं का. शुद्धीवर येण्याला इथे ‘केम राउंड’ म्हणतात, म्हणून ‘हाउ लाँग बिफोर ही केम राउंड?’ हे वाक्य पाठच करून ठेव.

तरुण मुलं ‘आय पास्ड आउट ऑन द सोफा’ म्हणतात तेव्हा बऱ्याचदा दमून किंवा पिऊन झोप लागली एवढंच असतं, पण पेशंट म्हणाला तर तसं गृहीत धरू नकोस. पत्रकं वाटणं हाही पास आउटचा अर्थ आहे, पण इथे हँड आउट जास्त ऐकू येतं.

‘पास’ची बाकी भावंडं पण सांभाळ. ‘पास्ड अवे’ म्हणजे वारले, नुसतं ‘शी पास्ड’ असंही नातेवाईक म्हणतात, त्यामुळे फोनवर पास्ड ऐकलं की पुढचा शब्द नीट ऐक. ‘पास्ड वॉटर’ म्हणजे लघवी झाली, ऑपरेशननंतर हे विचारलं जातं. ‘पास ऑन’ म्हणजे निरोप पुढे देणं, पण ‘ही पास्ड ऑन’ म्हणजे परत वारलेच.

आणि हे तुझ्या स्वतःसाठी पण आहे बरं का. इथे गाडी चालवणाऱ्याची अशी शुद्ध गेली तर लायसन्सवाल्या डीव्हीएलएला कळवावं लागू शकतं आणि काही काळ ड्रायव्हिंग थांबवावं लागू शकतं, म्हणून जीपीकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे, गेलीस तर नुसती चक्कर होती की पास आउट झालीस हे शब्द जपून वापर, जे झालं तेच सांग.

ओस्कीची, म्हणजे इथल्या नर्सिंग नोंदणीसाठीच्या प्रात्यक्षिक परीक्षेची, तयारी करताना मैत्रिणीला पेशंट बनव आणि तिला मराठीत फक्त ‘चक्कर आली’ एवढंच बोलू दे, पुढचं सगळं तू इंग्लिशमध्ये विचारून काढ. सीव्ही बदललास की रविवारी पाठव, मला सुट्टी आहे, ओळ न् ओळ बघून देते.