ठोका वेळेवर, वाक्य उशिरा

प्रश्न : लघुग्रह ताऱ्यासमोरून जाताना तारा नेमका किती वाजता विझला, हे नोंदवण्यासाठी मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाला निओ-६एम हे जीपीएस मॉड्यूल जोडलंय. चार वायरी, जीपीएस वाचणारा जीपीएसडी, घड्याळ लावणारा क्रोनी, सगळं झालं. नऊ उपग्रह दिसतात. तरी घड्याळ इंटरनेटच्या वेळेच्या १५० ते २०० मिलिसेकंद मागे, आणि तेही स्थिर नाही. मॉड्यूल बनावट असेल का?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : मॉड्यूल बदलू नका. ते वेळ बरोबरच सांगतंय, पण सांगून होईपर्यंत उशीर होतो. सेकंद सुरू झाला की ते आधी आकडेमोड करतं, मग वाक्यं, म्हणजे वेळ आणि ठिकाण सांगणारा मजकूर, पाठवायला घेतं. ९६०० बॉड या पाठवण्याच्या वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं जातात, म्हणजे सत्तर अक्षरांच्या एका वाक्यालाच ७३ मिलिसेकंद. शिवाय उपग्रह कमीजास्त झाले की वाक्यांची लांबी बदलते. घड्याळ हलतंय ते त्यामुळे.

तुमच्या कामात हा फरक चालणार नाही. लघुग्रहाची सावली जमिनीवरून बहुधा सेकंदाला दहा-पंधरा किलोमीटर पळते. दोनशे मिलिसेकंद चुकले तर त्याच्या आकाराची कड दोन-तीन किलोमीटरनी सरकली.

तुम्हाला हवी आहे पाचवी तार. दर सेकंदाच्या सुरुवातीला मॉड्यूल एक ठोका देतं, त्याला पीपीएस म्हणतात. उत्पादकाच्या माहितीपत्रकात त्याची अचूकता ३० नॅनोसेकंद आहे. चार पिनांच्या स्वस्त बोर्डावर हा ठोका बाहेर काढलेलाच नसतो! पण बोर्डावरचा तो बारीक दिवा पाहा, उपग्रह सापडले की सेकंदाला एकदा लुकलुकतो. तो याच ठोक्यावर चालतो. दिव्याच्या रेझिस्टरच्या मॉड्यूलकडच्या टोकाला केसासारखी बारीक तार डाग द्या आणि ती पायच्या १२ नंबरच्या पिनला, म्हणजे जीपीआयओ १८ला, आणा. हात थरथरत असेल तर मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे. आधी मीटरने व्होल्टेज बघाच, पायच्या पिनांना ३.३ व्होल्टच्या वर सोसत नाही.

मग बूटच्या कॉन्फिग फाईलमध्ये पीपीएस-जीपीआयओ ओव्हरले (पिनवरचा ठोका ओळखायला लावणारी सेटिंग) १८ नंबरला लावा आणि पीपीएसटेस्ट चालवून दर सेकंदाला ओळ येते का ते बघा. ठोका सेकंद कधी सुरू झाला ते सांगतो, कोणता ते सांगत नाही. म्हणून वाक्यंही लागतातच. क्रोनीच्या सेटिंगमध्ये वाक्यांच्या ओळीला १७५ मिलिसेकंदांचा ऑफसेट, म्हणजे उशिराची भरपाई, द्या, थेट तिच्यावरून घड्याळ लागू नये म्हणून 'नोसिलेक्ट' लावा, आणि सेकंद कोणता ते कळावं म्हणून पीपीएसची ओळ तिला 'लॉक' करा. वाक्यं पन्नास-शंभर मिलिसेकंद इकडेतिकडे झाली तरी चालतात. माझ्या नौपाड्यातल्या पायवर हे केल्यावर फरक काही मायक्रोसेकंदांवर आला. त्यातही पंखा सुरू केला की फरकाचा आलेख वाकायचा, कारण गार वारा लागला की पायचं घड्याळ चालवणाऱ्या क्रिस्टलची चाल बदलते. पुठ्ठ्याचा खोका पालथा घातला आणि आलेख सरळ झाला.

अँटेना खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवत असाल तर वरचा पत्रा विसरू नका. मी अख्खा उन्हाळा पत्र्याखाली ठेवली होती, तीन-चार उपग्रहांपुढे गाडी जाईना. तीच अँटेना पत्र्याच्या वर चिकटवली आणि अकरा मिळाले. चौकोनी अँटेनाला खाली धातू आवडतो, वर नाही. पहिल्याच पावसात मात्र जोडात पाणी शिरलं. आता वायर घरात शिरण्याआधी खाली लोंबती वळवलीय, पाणी तिथूनच ठिबकतं.

प्रश्न : जुनं मॉड्यूल बरेच दिवसांनी सुरू केलं की वेळ बरोबर २ सेकंद पुढे दाखवतं आणि पंधरा मिनिटांत आपोआप सुधारतं. असं का?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : जीपीएसची वेळ ६ जानेवारी १९८०पासून सलग मोजली जाते, तिच्यात लीप सेकंद (पृथ्वीच्या फिरण्याशी जुळवायला अधूनमधून वाढवलेला सेकंद) घालत नाहीत. त्यामुळे १ जानेवारी २०१७पासून ती यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेच्या, १८ सेकंद पुढे आहे. तुमच्या मॉड्यूलमध्ये कारखान्यातून या फरकाचा १६ हा आकडा आलेला असावा, तो २०१२ ते २०१५ या काळातला. नवा आकडा उपग्रहच पाठवतात, पण त्यांचा पूर्ण संदेश साडेबारा मिनिटांचा असतो. बॅकअपची बॅटरी मेली असेल तर तो लक्षात राहत नाही आणि दर वेळी हेच होणार. ती बदला, आणि तोवर सुरू केल्यावर वीस मिनिटं कोणतीही नोंद घेऊ नका.