अठरा हात उंचीची मूर्ती आणि आंबराई

प्रश्न : थायलंडमधील सुखोथाई येथे अरण्यवासी भिक्खूंच्या विहारात अतिभव्य बुद्धमूर्ती असल्याचे वाचनात आले. एकांतासाठी रानात गेलेल्यांना एवढी मोठी मूर्ती कशासाठी हवी होती?

उत्तर : अरण्यवास म्हणजे गावाशी संबंध तोडणे, असे आपण गृहीत धरतो आणि तिथेच गल्लत होते. विनयानुसार, म्हणजे भिक्खूंच्या आचारनियमांनुसार, अरण्यातील निवास गावापासून किमान ५०० धनुष्ये, म्हणजे साधारण एक किलोमीटर दूर हवा. गावाचा गलबला कानी पडू नये, पण सकाळी भिक्षेला जाऊन परतता यावे, इतकेच हे अंतर आहे. सुखोथाईच्या तटाबाहेर पश्चिमेकडील टेकड्यांत असलेला ‘अरण्यिक’ विहारांचा परिसर याच बेताचा आहे.

सुखोथाईचा राजा रामखामहेंग याच्या, शके १२१४ (इ. स. १२९२) हा काळ सांगणाऱ्या शिलालेखात, दक्षिण थायलंडमधील नाखोन सी थम्मरात येथून आलेल्या विद्वान महाथेरांना (ज्येष्ठ भिक्खूंना) राजाने हे अरण्यिक दान दिल्याचा आणि तेथे अठरा हात उंचीची उभी बुद्धमूर्ती असल्याचा उल्लेख आहे. त्या परिसरातील ‘वाट सफान हिन’ (थाई भाषेत ‘वाट’ म्हणजे विहार) येथील सुमारे साडेबारा मीटर उंचीची मूर्ती तीच मानली जाते. तिचे ‘अत्थारोत’ हे नाव पालीतील ‘अट्ठारस’वरून, म्हणजे आपल्या ‘अठरा’च्याच कुळातून आले आहे, याचा मला फार आनंद वाटतो. दगडी फरसबंद वाट चढून वर गेले की छप्पर नसलेल्या विहाराचे जांभ्या दगडाचे खांब दिसतात आणि त्यांच्यामागे, विटांच्या भिंतीला पाठ लावून, उजवा हात अभयमुद्रेत उंचावलेले बुद्ध उभे असतात. त्याच लेखानुसार राजा ठरावीक तिथींना पांढऱ्या हत्तीवर बसून या अरण्यिकात वंदनेला येई. तेव्हा मूर्ती भिक्खूंइतकीच नगरवासीयांसाठीही होती, असे मला वाटते.

जवळच्याच ‘वाट पा मामुआंग’, म्हणजे आंबराईतील विहाराची हकिगत याहून विलक्षण आहे. त्या आंबराईतील देवालयात सुखोथाईचा नंतरचा राजा लिथाई याने शके १२७१ (इ. स. १३४९) मध्ये महेश्वर आणि विष्णू यांच्या मूर्ती स्थापन केल्या, आणि १३६१ मध्ये सिंहली (श्रीलंकेच्या) परंपरेच्या महास्वामींना, म्हणजे थोर भिक्खूंना, बोलावून तो स्वतः तेथेच भिक्खू झाला.