वही त्यांच्या हातात द्या

प्रिय ताई,
आम्ही सेलूचे. आमचे मालक मोंढ्यात अडतीवर मुनीम होते. दिवाळीच्या सुमारास मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागला, संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आता चालतात, बोलतात. पण सकाळचं दुपारी आठवत नाही, राग लगेच येतो, आणि वर ‘मला काही झालेलं नाही’ म्हणतात. डॉक्टरांनी अशाच पेशंटांच्या गटात दर आठवड्याला यायला सांगितलंय. तिथं सगळे गोल बसून बोलतात, काय करायचं ते वहीत लिहितात. यांची वही मीच भरते. तीन महिन्यांत फरक नाही. सासूबाई म्हणतात, गप्पा मारून डोकं बरं होतं का? बंद करू का?

ताई,
सासूबाईंचं राहू द्या. ‘यांची वही मीच भरते’ हे तुम्ही सहज लिहून गेलात, आणि मी तिथंच अडकले. जन्मभर शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्या लिहिणाऱ्या माणसाच्या हातातलं पेन तुम्ही काढून घेतलंत. मला राग आलाय.

मेंदूचा पुढचा भाग दुखावला की काम स्वतःहून सुरू करणं, मध्ये थांबून ‘आपण काय करत होतो’ हे तपासणं, यालाच माणूस अडतो. गटात जाऊन जुनी स्मरणशक्ती परत येईल असं नाही. ती कमी असताना दिवस कसा रेटायचा, हे तिथं शिकवतात. कालचा प्रसंग न आठवणाऱ्यालाही सवय बहुतेक वेळा लागते. खिशातून वही काढायची, आजचं पान उघडायचं, झालेल्या कामापुढं खूण करायची. पुन्हा पुन्हा केलं की हाताला वळण पडतं. ते वळण सध्या तुमच्या हाताला पडतंय.

‘मला काही झालेलं नाही’ याला हट्ट समजू नका. आपलं काय बिघडलंय हे कळण्याची शक्तीच अशा मारानं कमी होते. तुम्ही दाखवून दिलं की भांडण होतं. गटात शेजारी बसलेला, तसाच मार लागलेला माणूस ‘मीबी गॅस चालू ठेवून बाहेर गेलो होतो’ म्हणाला, तर ते ऐकून घेतील. १९७३च्या अरब-इस्रायल युद्धानंतर मेंदूला जखमा झालेल्या इस्रायली सैनिकांसाठी मानसशास्त्रज्ञ येहुदा बेन-यिशाय यांनी उपचार उभे केले, त्यात गटावर एवढा भर होता तो याचसाठी.

पुढच्या खेपेला वही-पेन त्यांच्या खिशात ठेवा, दारापर्यंत सोडा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. पान कोरं राहील, राहू द्या. कोरं का, हे गटातले लोक विचारतील. उत्तर जुळवायला त्यांना वेळ लागेल, आणि तो वेळ तुम्ही आत असलात तर मिळणार नाही. घरीही काही विचारलं तर ‘वहीत बघा’ एवढंच म्हणा. फिटच्या गोळ्या तेवढ्या तुम्ही स्वतः मोजून द्या, तिथं परीक्षा नको.

बंद करायचं का, हे दोन महिन्यांनी विचारा. आणि ते पत्र त्यांच्या अक्षरात येऊ द्या, दोनच ओळींचं असलं तरी चालेल.