दर शुक्रवारी बॅग भरून निघणाऱ्या मुलीला

आटपाडी तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलंय, नाव देऊ नका म्हणाली म्हणून देत नाही. तिचं म्हणणं थोडक्यात असं आहे:

“मॅडम, मी सांगलीत बीएस्सी फर्स्ट इयरला आहे. बारावीनंतर नीट दिली, मार्क कमी पडले, प्रायव्हेट कॉलेजला घालायची घरची परिस्थिती नाही म्हणून इथं ऍडमिशन घेतलं. हॉस्टेल मिळालं नाही, विश्रामबागला कॉट बेसिसवर राहते. वर्गात ओळखीचं कुणी नाही. सर इंग्लिशमधून शिकवतात, उत्तर येत असलं तरी तोंडातून शब्द फुटत नाही. मेसचं जेवण जात नाही. दर शुक्रवारी दुपारचं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल सोडून एसटीनं घरी जाते आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत येते. गणपतीला गेले तेव्हा तर परत यावंसंच वाटेना. आता कमी हजेरीच्या यादीत माझं नाव नोटीस बोर्डावर लागलंय, तीन प्रॅक्टिकल बुडालेत. सगळं सोडून परत नीटची तयारी करू का? आणि घरी कसं सांगू?”

अगं पोरी, आधी एक सांगते, गणपतीहून परत येताना पाय जड होतात हे तुझ्या एकटीचं नाही. गणपती झाले की अशी पत्रं दरवर्षी येतात, जतहून येतात, माणहून येतात, पाटणच्या डोंगरातल्या गावांतून येतात, आणि लिहिणाऱ्या प्रत्येकाला वाटत असतं की बाकी सगळी पोरं मस्त रुळलीत, फक्त मीच अशी. तुझ्या शेजारी बसणारीलाही तुझ्याबद्दल तसंच वाटत असणार. तू गप्प बसतेस म्हणजे तिच्या लेखी तू हुशार आणि शिष्ट.

पण पत्र मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी नजर त्या शुक्रवारपाशीच अडकली. नीट, इंग्लिश, मेस या सगळ्यापेक्षा मला तो शुक्रवार जास्त महत्त्वाचा वाटतोय. बघ, तू सोमवारी येतेस ती झोपमोड करून, मंगळवारी जरा कुठं जीव लागायला लागतो, गुरुवारी रात्री परत बॅग भरायला घेतेस. म्हणजे सांगलीत तू राहतच नाहीयेस, नुसती मुक्कामाला येतेस. आणि एखाद्या गावात मुक्कामाला आलेल्या माणसाला ते गाव परकंच वाटणार ना. २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय, चांगलीच गोष्ट आहे, कितीतरी मुलींचं शिक्षण त्यामुळं सोपं झालं, पण तुझ्या बाबतीत घरी जाणं इतकं सोपं झालंय की मन जरा खट्टू झालं की पाय आपोआप स्टँडकडं वळतात.

घरी जाऊ नको असं मी अजिबात म्हणत नाहीये. पंधरा दिवसांनी जा, आणि शुक्रवारी प्रॅक्टिकल करून संध्याकाळी किंवा शनिवारी सकाळी निघ. मधला जो एक शनिवार-रविवार आहे तो सांगलीत काढ. पहिला रविवार वाईट जाईल हे आत्ताच सांगून ठेवते, दुपारी चारच्या सुमाराला रडू पण येईल, येऊ दे. संध्याकाळी रूममेटला घेऊन कृष्णेच्या घाटावर जाऊन ये, आयर्विन पुलाकडं चालत जा, येताना भडंग घे. दुसरा रविवार इतका वाईट जात नाही. हे मी अंदाजानं सांगत नाही. मी स्वतः कवठेमहांकाळकडच्या खेड्यातून इथं शिकायला आले होते आणि पहिल्या टर्मला तुझ्यासारखीच शनिवार गाठायची. मेसला एक काकू होत्या. एकदा मी गावाकडून दोन दिवस उशिरा आले तर ताटात आमटी वाढता वाढता म्हणाल्या, “काल कुठं होतीस गं, तुझी चपाती ठेवली होती.” एवढंच, पण मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की या गावात आपण नसलो तर कुणाच्या तरी लक्षात येतं. तुला आत्ता नेमकं तेच पाहिजे, तू दिसली नाहीस तर “काल कुठं होतीस” असं विचारणारी एक-दोन माणसं. आणि ती शुक्रवारी दुपारी भिवघाटाच्या गाडीत बसून मिळत नाहीत.

आता हजेरीचं गणित घालू, कारण तू घाबरलीस ती त्या यादीला. क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन मोजायचं माप, आणि प्रॅक्टिकलचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास. दोन तासांचं एक प्रॅक्टिकल धरलं तर १५ वेळा बसायचं. ७५ टक्के हजेरी म्हणजे किमान १२ वेळा, म्हणजे जास्तीत जास्त तीन चुकली तर चालतात. तुझी तीन झालीत. म्हणजे अजून हातातून काही गेलेलं नाही पण आता एकसुद्धा चुकवायचं नाही. उद्याच लॅबमध्ये जाऊन सरांना किंवा मॅडमना गाठ आणि जे आहे ते खरं सांग, आजारी होते वगैरे काही नको, “सर, घरची आठवण यायची म्हणून जात होते, चुकलं, बुडालेली प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचबरोबर करू का?” असं सरळ विचार. सेमिस्टर संपत आल्यावर रडत येणाऱ्या पोरांना ते काही करू शकत नाहीत, सप्टेंबरमध्ये येणाऱ्यांना बऱ्याचदा करू देतात. आणि जर्नल. जर्नलवर सही नसेल तर प्रॅक्टिकल परीक्षेला बसू देत नाहीत, त्यामुळं जर्नल त्या त्या आठवड्यात लिहून सही घेऊन टाक, शेवटच्या आठवड्यात रात्रभर दुसऱ्याचं बघून उतरवत बसायची पाळी आणू नको.

आता एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. अकरावी-बारावी तू कुठं केलीस ते लिहिलं नाहीस पण नीटवाल्या बहुतेक पोरांसारखी अकॅडमीत केली असशील तर तिथं सकाळी उठवण्यापासून टेस्टचे मार्क घरी कळवण्यापर्यंत सगळं दुसरं कुणीतरी करत होतं. इथं तसं कुणी नाही. सर शिकवून जातात, तू आलीस काय आणि नाही आलीस काय, घरी फोन जात नाही, थेट यादी लागते. हे बदललंय हे तुला कुणी सांगितलंच नाही आणि तुला वाटतंय की आपल्यातच काहीतरी कमी आहे. दुसरं म्हणजे नीटला चार पर्यायांतून एक ओळखायचा असतो, इथं कोऱ्या कागदावर पानभर उत्तर लिहायचं असतं, आकृतीसकट. दोन वर्षं ज्या हाताला गोळे काळे करायची सवय लागली त्याला एकदम लिहिता येत नाही. लायब्ररीत मागच्या परीक्षांचे पेपर मिळतात, त्यातला एक प्रश्न रोज घड्याळ लावून हातानं लिही. मोबाईलवर पीडीएफ नुसती वर-खाली करणं हा अभ्यास नाही गं.

इंग्लिशचं म्हणशील तर वर्गात इंग्लिशमध्येच उत्तर दिलं पाहिजे असं कुणी सांगितलंय? लेक्चर संपलं की दारात गाठून मराठीत विचार. शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण स्वतः तालुक्याच्या गावातून शिकून आलेत, मराठीत विचारलं म्हणून कुणी हसणार नाही, आणि एखाद्यानं हसलंच तर दुसऱ्या सरांना विचार. जो टॉपिक उद्या होणार आहे त्याची चार पानं आदल्या रात्री वाचून जा, न कळलेले शब्द वहीच्या मागच्या पानावर मराठी अर्थासकट लिही. महिनाभर कर. अवघड वाटते ती भाषा अर्धीअधिक त्याच त्या शंभर-दीडशे शब्दांची असते.

मेस बदलायची मोकळीक असते, ती वापर. विश्रामबागला भाकरी देणाऱ्या मेस शोधल्या तर सापडतात, विचारत फिरायला लाजू नको. पोट भरलं नसलं की घराची आठवण दुप्पट येते. रूममेट रात्री दोनपर्यंत लाईट लावून बसत असतील तर तेही बोल, मनात ठेवून सोमवारी पहाटेची झोप भरून निघत नाही.

आणि अभ्यासाबाहेरचं एक काहीतरी धर. एकच. नव्या शैक्षणिक धोरणाच्या अभ्यासक्रमात एनएसएस, एनसीसी, खेळ, सांस्कृतिक अशा गोष्टींना क्रेडिट आहेत, त्यामुळं वेळ वाया जातो म्हणायलाही जागा नाही. एनएसएसला श्रमदानाला गेलीस तर पाटी-खोरं हातात घेतल्यावर आटपाडीची पोरगी कुणाला मागं सरणार नाही हे तुला पण माहितीय. नाहीतर कॉलेजच्या नाटकाच्या ग्रुपमध्ये जा. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी याच सांगलीत सीतास्वयंवर केलं, इथल्या कॉलेजांतून नाटकाचा नाद अजून आहे. स्टेजवर नाही जायचं तर कपडेपट सांभाळ, प्रॉपर्टी म्हणजे नाटकात लागणारं सामान सांभाळ. तिथं तू आली नाहीस तर काम अडतं, आणि काम अडलं की माणसं फोन करतात, “कुठं आहेस?”

आता नीट. याच्यावर तुला लगेच हो-नाही पाहिजे असेल पण मी ते देणार नाही, कारण आत्ताच्या मनःस्थितीत तू जे मागतेयस ते डॉक्टर होणं आहे का घरी परत जायला मिळणारं एक चांगलं कारण आहे हे तुलाही धड कळत नाहीये. दोन्ही शक्य आहे. म्हणून असं कर, दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलीस की मागच्या वर्षीचा पेपर घे, १८० प्रश्न, तीन तास, मोबाईल आईकडं दे आणि प्रामाणिकपणे सोडव. ७२० पैकी किती पडतात ते बघ आणि त्याहीपेक्षा सोडवताना कसं वाटतं ते बघ. बसवत नसेल तर उत्तर मिळालंच. गोडी वाटली तर परीक्षा साधारण मे महिन्यात असते, फॉर्म त्याच्या काही महिने आधी निघतात, ठरवायला वेळ आहे, त्यासाठी आज कॉलेज सोडायची काही गरज नाही. वर्ष पूर्ण कर. पहिल्या वर्षाचे क्रेडिट तुझ्या नावावर ऍकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे क्रेडिटच्या सरकारी ऑनलाईन खात्यात, जमा राहतात. नव्या रचनेत एक वर्ष करून बाहेर पडलीस, आणि जादा चार क्रेडिटचा कोर्स किंवा इंटर्नशिप केलीस, तर सर्टिफिकेट मिळतं आणि तीन वर्षांच्या आत परत येता येतं. सेमिस्टर अर्धवट टाकून गेलीस तर मात्र हातात काहीच राहत नाही.

आणि बीएस्सी केमिस्ट्री म्हणजे नीट नाही झाली म्हणून घेतलेलं काहीतरी, हे जे तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे ना, त्याचं मला खरंच वाईट वाटलं. तुमच्याकडं डाळिंबाची बाग असेल, नसली तर शेजारी असेल. ते डाळिंब युरोपला पाठवायचं असेल तर आधी लॅबमध्ये त्यात औषधाचा अंश किती राहिलाय ते तपासतात, रेसिड्यू टेस्टिंग म्हणतात त्याला, तासगावच्या द्राक्षांचंही तेच. तो रिपोर्ट नापास झाला की कंटेनर अडकतो आणि शेतकऱ्याचं वर्ष जातं. तो रिपोर्ट काढणारी माणसं केमिस्ट्री शिकलेली असतात. साखर कारखान्यांच्या लॅब आहेत, मिरज-कुपवाडच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोल आहे, पुढं एमएस्सीसाठी जॅमची परीक्षा देऊन आयआयटीत जाता येतं. बागेत फवारणी बघत मोठी झालेली पोरगी त्या मशीनपुढं बसली तर तिला नुसता आकडा दिसणार नाही, तो कुठून आला तेही कळेल. हे लक्षात ठेवून दोन महिने केमिस्ट्रीकडं बघ, मग नीटशी तुलना कर.

घरी सांगायचं तर आधी आईला सांग, समोर बसून, फोनवर नको. “सोडते” असं म्हणू नको, “करमत नाही, हजेरी कमी पडलीय, आता पंधरा दिवसांनी येईन” एवढं सांग. वडलांना यादीचं दुसऱ्याकडून कळण्याआधी तुझ्याकडून कळू दे. दिवसाला चार-पाच वेळा फोन होत असतील तर एकच वेळ ठरवा, रात्री जेवण झाल्यावर, नाहीतर दिवसभर तुझं अर्धं मन तिकडं राहणार. आणि महाडीबीटी या सरकारी वेबसाईटवरचा स्कॉलरशिपचा फॉर्म भरलाय का? नसेल तर घरी जाशील तेव्हा उत्पन्नाचा दाखला घेऊनच ये.

एक मात्र नीट ऐक. हे सगळं करूनही दोन-तीन आठवडे झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, सारखं रडू येत असेल किंवा जगण्याबद्दलच नको ते विचार येत असतील तर ते रुळण्याचं प्रकरण नाही. मग १४४१६ ला फोन कर, टेलिमानसची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, रात्री-अपरात्री पण उचलतात आणि मराठीत बोलता येतं. आणि आईला पण त्याच दिवशी सांग.

या शुक्रवारी प्रॅक्टिकलला थांब. टायट्रेशन, म्हणजे एका द्रावणात दुसरं थेंबाथेंबानं सोडायचा प्रयोग असेल, तर एंडपॉइंटला म्हणजे जिथं थांबायचं तिथं तो फिकट गुलाबी रंग पहिल्या झटक्यात सहसा येत नाही, एक थेंब जास्त पडतो आणि सगळं गडद होतं, मग परत करायचं. झालं की संध्याकाळी मला दोन ओळी पाठव, रीडिंग किती आलं आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीचं नाव काय ते लिही.