अमेरिकेत हायस्कूलमध्ये असतानाच मुलीने कम्युनिटी कॉलेजचे (स्थानिक, दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजचे) वर्ग घ्यावेत का?

घेऊ द्या, पण पहिल्या सेमिस्टरला एकच विषय. एक विषय बहुधा ३ क्रेडिटचा (क्रेडिट म्हणजे पदवीसाठी मोजलं जाणारं एकक), म्हणजे आठवड्याला ३ तास वर्ग आणि वर साधारण ६ तास अभ्यास. आधी शाळेतल्या काउन्सेलरची मंजुरी घ्या, मग कॉलेजचा अर्ज.

खरी मेख ग्रेडची. एपीची (हायस्कूलमध्येच शिकायच्या कॉलेज-पातळीच्या विषयाची) परीक्षा बिघडली तर क्रेडिट हुकतं, एवढंच. कम्युनिटी कॉलेजातला 'सी' ग्रेड मात्र कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) कायमचा राहतो. झेपत नसेल तर ड्रॉपची (विषय सोडायची) तारीख उलटायच्या आत बाहेर पडा, नंतर ट्रान्सक्रिप्टवर 'डब्ल्यू' (विषय मध्येच सोडल्याची नोंद) लागतो.

राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत क्रेडिट सहसा चालतात, खासगी कॉलेजं नाकारू शकतात. म्हणून पुढे क्रेडिट मागताना दाखवायला सिलॅबस जपून ठेवा. आणि हो, फेर्पा या शैक्षणिक नोंदींच्या गोपनीयतेच्या कायद्यानुसार कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क विद्यार्थ्याचा, त्यामुळे गुण तुम्हाला परस्पर कळतीलच असं नाही.