'वूडू' ढिला वाटतोय? मग गळा सोडा, बास धरा

तुमची अडचण थोडक्यात अशी: ऑक्टोबर २०२५मध्ये अमेरिकन गायक-संगीतकार डिअँजेलो गेल्याची बातमी वाचली, म्हणून त्याचे अल्बम लावले. पहिला, १९९५चा 'ब्राउन शुगर', लगेच आवडला. दुसरा, २०००चा 'वूडू', मात्र गढूळ वाटला. ड्रमर मागे पडतोय, शब्द कळत नाहीत, गाणी संपता संपत नाहीत, आणि लोक तर ह्यालाच निओ सोलचं (नव्वदच्या दशकातल्या नव्या वळणाच्या सोल संगीताचं) शिखर म्हणतात. फाइल खराब आहे का, असं विचारलंत.

फाइल ठीक आहे. कानही ठीक आहेत. ड्रमर खरंच मागे आहे, आणि त्याला तसंच वाजवायला सांगितलं होतं.

'ब्राउन शुगर'वर बरीच वाद्यं डिअँजेलोने स्वतःच वाजवली होती आणि ठेका बराचसा यंत्राचा होता. त्यामुळे तो पटकन अंगवळणी पडतो. 'वूडू'वर ड्रमला बसला क्वेस्टलव्ह. रूट्स ह्या हिप-हॉप बँडचा हा ड्रमर तोवर घड्याळासारखं काटेकोर वाजवण्यासाठी ओळखला जायचा. डिअँजेलोने त्याला नेमकं उलट करायला लावलं: प्यायलेल्या माणसासारखं वाजव, पण पडू नकोस. वाजवण्याची ही तऱ्हा मुळात डेट्रॉइटचा हिप-हॉप निर्माता जे डिला ह्याची. एमपीसी नावाच्या यंत्रावर बोटांनी वाजवलेले ठोके आपोआप मात्रेवर सरळ करून देण्याची सोय असते. डिला ती अनेकदा बंद ठेवायचा, त्यामुळे त्याच्या ठेक्यात माणसाचा हात तसाच राहायचा. 'वूडू'च्या एकाही गाण्यावर निर्माता म्हणून त्याचं नाव नाही, पण त्याची सावली अल्बमभर आहे.

आपल्याकडे मुरलेला गायक समेवर केसभर उशिरा उतरला की दाद मिळते, कारण तबलजी जागेवर असतो. इथे ठेका देणारेच रेंगाळतात, म्हणून पहिल्यांदा ऐकताना पायाखालची सतरंजी सरकल्यासारखं होतं. 'चिकन ग्रीस' लावा. गळ्याकडे दुर्लक्ष करा. स्नेअर, म्हणजे ड्रमचा तो कडक ठोका, धरून चुटकी वाजवत राहा आणि बास, म्हणजे खालच्या सुरांची गिटार, कुठे पडतो ते बघा. तो तुमच्या चुटकीवर येत नाही, तिच्या मागोमाग टेकतो. दोन-चार आवर्तनं गेली की ती फट चूक वाटेनाशी होते आणि मान आपसूक हलायला लागते. हा बास पीनो पॅलडिनोचा. वेल्सचा माणूस, ऐंशीच्या दशकात पॉल यंगच्या गाण्यांतल्या फ्रेटलेस (पडद्यांशिवायच्या) बाससाठी गाजलेला. त्याच हाताने इतकं कमी आणि इतकं उशिरा वाजवावं, ह्याचं मला अजून नवल वाटतं.

अर्थात हे सगळं फोनच्या स्पीकरवर ऐकत असाल तर माझं बोलणं फुकट. फोनवर खालचे सूर येतच नाहीत, आणि ह्या अल्बममधून बास वजा केला तर उरते ती नुसती कुजबुज. साधे का होईनात, हेडफोन लावा.

गढूळपणाबद्दल. रेकॉर्डिंग झालं न्यूयॉर्कच्या इलेक्ट्रिक लेडी स्टुडिओत, म्हणजे गिटारवादक जिमी हेंड्रिक्सने बांधून घेतलेल्या जागी. ध्वनिमुद्रक रसेल एलेव्हाडो हा टेपचा कट्टर माणूस. ज्या काळात सगळे कॉम्प्युटरकडे वळत होते, तेव्हा त्याने जुनी उपकरणं आणि टेपच वापरली. मंडळी जमायची, प्रिन्स आणि जेम्स ब्राउन अशा उस्तादांच्या जुन्या मैफलींचे व्हिडिओ बघायची, मग तासन्‌तास वाजवत बसायची, आणि त्यातून एखादं गाणं निघायचं. त्याच इमारतीत त्या सुमारास रॅपर कॉमन आणि गायिका एरिका बाडू ह्यांचेही अल्बम चालू होते, त्यामुळे माणसं ह्या खोलीतून त्या खोलीत जात-येत असायची. गंमत म्हणजे 'चिकन ग्रीस' मुळात कॉमनसाठी होतं. डिअँजेलोचा त्या गाण्यावर जीव जडला, तेव्हा दुसरं गाणं देऊन त्याने ते सोडवून घेतलं.

शब्द कळत नाहीत, हे मात्र शंभर टक्के खरं. माझं मत असं की कळण्यासाठी ते ठेवलेलेच नाहीत. डिअँजेलो हा पेंटेकोस्टल ह्या ख्रिस्ती पंथाच्या धर्मोपदेशकाचा मुलगा, व्हर्जिनियातल्या रिचमंडचा, चर्चमध्ये वाजवत वाढलेला. इथे तो स्वतःच्याच आवाजाचे थरावर थर चढवून एकट्याचा कोरस उभा करतो. मग मुख्य गळा कुठला आणि साथीचा कुठला हे सांगता येत नाही. 'सेंड इट ऑन' किंवा 'वन मो गिन'मध्ये शब्दांमागे धावण्यापेक्षा हे थर मोजत बसा, जास्त हाती लागेल.

'द रूट' चुकवू नका. त्यात गिटार आणि बास दोन्ही एकच माणूस, एकाच वेळी, एकाच वाद्यावर वाजवतोय: चार्ली हंटर, आठ तारांची गिटार. खालच्या तारांवर अंगठा बास चालवतो, वरच्या तारांवर बाकीची बोटं गिटार. 'स्पॅनिश जॉइंट'मध्येही तोच, शिवाय रॉय हारग्रोव्हचे ट्रम्पेट आणि जोव्हानी हिदाल्गोचे काँगा, म्हणजे हाताने वाजवायचे उभे ढोल. अल्बममधलं सगळ्यात चपळ गाणं हेच, त्यामुळे तुमच्यासाठी सोपं दार.

सगळंच सोनं आहे असं नाही. 'लेफ्ट अँड राइट'मधला मेथड मॅन आणि रेडमनचा रॅप मला आजही उपरा वाटतो. खुशाल पुढे ढकला. आणि १३ गाणी, जवळजवळ ७९ मिनिटं, हे एका बैठकीत कुणालाही जड जातं.

'अनटायटल्ड' तुम्ही व्हिडिओसकट पाहिलंत म्हणता. संगीतकार राफाएल सादिकबरोबर रचलेला हा प्रिन्सला उघड सलाम आहे, सहा मात्रांच्या झुल्यावर, आणि टिपेला पोचल्यावर मध्येच कापल्यासारखा थांबतो. तोही फाइलचा दोष नव्हे. उघड्या अंगाच्या त्या व्हिडिओने अल्बम घरोघरी नेला, पहिल्या आठवड्यात तो बिलबोर्ड ह्या अमेरिकी अल्बम-यादीत अव्वल आला, ग्रॅमी मिळाले. पण दौऱ्यावर लोक गाण्याऐवजी कपडे उतरवायला ओरडू लागले आणि माणूस मिटत गेला. तिसरा अल्बम यायला डिसेंबर २०१४ उजाडला.

तुम्ही असं करा: आधी 'स्पॅनिश जॉइंट', मग 'चिकन ग्रीस', मग 'द रूट', आणि नंतरच पहिल्यापासून. एवढं करूनही नाही जमलं, तर थोडे दिवस एरिका बाडूचा 'ममाज गन' ऐका. तोही तिचा दुसराच स्टुडिओ अल्बम, २०००चाच, क्वेस्टलव्ह आणि पॅलडिनो तिथेही आहेत. तिथे गाणं पुढे आहे आणि ठेका पुष्कळ सरळ, त्यामुळे तिथून इकडे येणं सोपं पडेल.